पारण्याच्या घंटेची नवी आवृत्ती

वसुमती अक्कांनी द्वादशीच्या दिवशी दुपारपर्यंत पाण्याचा थेंब घेतला नाही, पण त्याचं कारण भक्ती नव्हतं. नोटिफिकेशन आलं नव्हतं.

त्यांचे धाकटे भाऊ बिंदुमाधवराव देवनहळ्ळीहून दोन बस बदलून बेंगळुरातल्या चामराजपेटेत पोचले, तेव्हा अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर तुळशीचं तीर्थ, झाकून ठेवलेली अगस्तीच्या पाल्याची भाजी, आवळ्याची चटणी, आणि या सगळ्याच्या मधोमध पाटावर, देव बसवावा तसा, नवा फोन. आदल्या दिवशीची एकादशी निर्जळी. अक्कांचं वय ऐंशीला टेकलेलं. ओठ कोरडे पडले होते, बोलणं मात्र शाबूत होतं.

"अक्का, अगं पारण्याची वेळ सकाळीच होऊन गेली! आधी पाणी घे."

"घंटा झाली नाही."

"नाही झाली, ती फोनची चूक. मी सांगतोय ना तुला!"

"तू सांगतोयस म्हणूनच थांबलेय," अक्का म्हणाल्या. "लहानपणी भूक लागली की अप्पांच्या पंचांगातली द्वादशी तू तासभर अलीकडे आणायचास. तुझ्या तोंडावर माझा भरवसा नाही रे बिंदू. तुझ्या घंटेवर आहे."

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. बिंदुमाधवराव ओसरीवर गेले, स्वतःच्या फोनचं घड्याळ मागे नेऊन त्यांनी त्यात सकाळ केली, आणि घंटा वाजवली. आत भांड्याचा आवाज झाला. तीर्थ घेऊन अक्का उठायला गेल्या आणि एकदम तोल गेला. बिंदुमाधवरावांनी धरलं म्हणून बरं. गल्लीतल्या डॉक्टरांनी येऊन रक्तदाब पाहिला आणि सांगितलं, "अज्जी, पुन्हा असं घंटेसाठी ताटकळायचं नाही." अक्कांनी त्यांना विचारलं, "तुमच्याकडे आहे का दुसरी?"

डॉक्टर गेल्यावर त्या भावाला म्हणाल्या, "आज चालवून घेतलं. पुढच्या वेळी माझ्याच फोनची घंटा लागेल. ओसरीवर कुणी काय वाजवलं, मला काय ठाऊक."

म्हणजे पुढची एकादशी येईपर्यंत नव्या फोनवर घंटा वाजायला हवी होती. नाही वाजली, तर अक्का पुन्हा अशाच बसणार होत्या, आणि या वेळी त्यांना धरायला कुणी वेळेवर पोचेलच असं नव्हतं.

घंटा हे बिंदुमाधवरावांचं निवृत्तीनंतरचं अपत्य. सरकारी टेलिफोन कारखान्यात ते तपासणी विभागात होते. सबंध नोकरी दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेली, आणि त्यांच्या हाताखालून गेलेला टेलिफोन कधी परत आला नाही, असं ते स्वतःच सांगत. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी स्मार्टफोन दिला. त्यात पंचांगाची पुष्कळ ॲप होती, पण आपल्या मठाची एकादशी त्यातल्या एकातही नव्हती. इतरांची एकादशी कधी आपल्या आदल्या दिवशी, कधी दुसऱ्या. म्हणून ते स्वतःच प्रोग्रॅमिंग शिकले आणि एक ॲप लिहिलं. ते एकच काम करी : द्वादशीला पारण्याची वेळ झाली की घंटा वाजवी. बेंगळुरातल्या चार-पाचशे घरांत ती वाजत असे.

त्या काळी फोनच्या सिस्टीमच्या प्रत्येक आवृत्तीला एकेका मिठाईचं नाव असायचं. अक्कांना ते आवडलं नव्हतं. एकादशीच्या दिवशी फोनला तरी गोड कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण फोन स्वभावाने चांगला होता. अडाणी होता. सांगितलं तेव्हा उठायचा, सांगितलं ते वाजवायचा, आणि पुन्हा गप्प पडायचा. पुढे बहुधा कंपनीला मधुमेह झाला. मिठाया बंद झाल्या, नुसते आकडे उरले, आणि आकड्यांबरोबर फोनची अक्कल वाढत गेली.

एका आवृत्तीत फोन झोपायला शिकला. अंधारात न हलता पडून असला, की कुणालाही उठू द्यायचा नाही. सगळ्यांच्या घंटा साठवून ठेवायचा आणि आपल्या सवडीने एकदम वाजवायचा. पारणं, दुधाच्या पिशवीचा निरोप आणि कुणाच्यातरी वाढदिवसाच्या शुभेच्छा एकाच वेळी येऊन पडत. बिंदुमाधवराव बसले, वाचलं, नव्याने लिहिलं, घंटा वाजली. पुढच्या आवृत्तीने विचारलं, ही घंटा तातडीची, साधारण, की बिनआवाजाची? बिनआवाजाची घंटा म्हणजे काय, यावर त्यांनी एक दुपार विचार केला आणि 'तातडीची' निवडली. त्यापुढच्या आवृत्तीने आणखी खोलात शिरून विचारलं, नेमकी वेळच हवी आहे का, की आसपास चालेल? कारण द्या. त्यांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, "द्वादशी आसपास नसते." तेही कसंबसं मंजूर झालं. मग आली ती आवृत्ती तर म्हणाली, मुळात तुम्ही बोलावं की नाही हेच आधी मालकाला विचारून या. ते विचारून आले. सिस्टीम दरवर्षी शहाणी होत गेली आणि बिंदुमाधवराव दरवर्षी तिच्यापेक्षा एक दुपार जास्त बसत गेले. त्यांच्या पत्नी अलकाबाईंच्या मते इतका पाठपुरावा त्यांनी मुलीच्या लग्नासाठी केला असता, तर एव्हाना नातवंडं शाळेत गेली असती.

अक्कांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांचा फोन जुना, मिठाईच्या काळातलाच राहिला होता. मागच्या पंधरवड्यात त्याची बॅटरी पुरीसारखी फुगली, आणि मनस्विनीने आत्याला नवा फोन आणून दिला. सगळ्यात नवा, सगळ्यात शहाणा.

मनस्विनी ही बिंदुमाधवरावांची मुलगी. सर्जापूर रोडला फोन बनवणाऱ्या एका कंपनीत होती आणि तिथल्याच एका उंच इमारतीत राहत होती. बाप विमानतळाजवळ देवनहळ्ळीला, आत्या चामराजपेटेत, मुलगी सर्जापूर रोडला. कागदोपत्री तिघं एकाच गावात होती. बिंदुमाधवराव तिच्या फ्लॅटवर पोचले तेव्हा ती लॅपटॉप मांडीवर घेऊन उपमा खात होती.

"अण्णा, ॲप बिघडलेलं नाहीये," ती म्हणाली. "ते डीप स्लीपमध्ये गेलंय. आत्या ते ओपनच करत नाही ना. युजर जे ॲप इतके दिवस उघडत नाही, त्याची त्याला गरज नाही, असं आम्ही धरून चालतो."

"एकादशी पंधरा दिवसांनी येते, मनू."

"ते सिस्टीमला माहीत नाही."

"मग सांग तिला."

"मी? अण्णा, आमची टीम ॲप्सना झोपवते. उठवणारी टीम वेगळी. ती हैदराबादला बसते, आणि आमचं त्यांचं फारसं बोलणं नाही."

बिंदुमाधवरावांनी चष्मा काढून पुसला. बाप इकडे घंटा बांधतो आणि पोटची मुलगी तिकडे तिच्यावर पांघरूण घालते, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

"काही ॲप्सना सूट असते, म्हणाली होतीस."

"असते. पण त्याला कोट्यवधी युजर लागतात. आपले किती?"

"चार-पाचशे घरं."

"त्यातले घंटा होईपर्यंत पाणीसुद्धा न घेणारे?"

"दोघं. अक्का आणि नागोजीमामा." त्यांनी दोन बोटं धरली, मग एक मिटलं. "मामा गेल्या वर्षी वारले."

"अण्णा," मनस्विनी हळूच म्हणाली, "एका युजरसाठी मी मीटिंगमध्ये काय बोलू? तुम्ही आत्यालाच सांगा ना, रोज एकदा ॲप उघड म्हणून. फोनला वाटलं पाहिजे की तिला याची सवय आहे. मग तो नाही झोपवणार."

हे सोपं होतं. म्हणजे आत्या दुसरी कुणी असती तर सोपं होतं.

"रोज सकाळी फोनचं तोंड बघू?" अक्का म्हणाल्या. "देवाचं बघते ते पुरे."

"अक्का, नाही उघडलंस तर घंटा वाजणार नाही."

"म्हणजे घंटा मी वाजवायची होय! माझ्याच हाताने लावलेल्या घंटेवर मीच उपास सोडायचा? त्यापेक्षा तोंडाने टणटण म्हणते ना. वाजायची तर आपली आपण वाजेल. इतकी वर्षं वाजलीच की."

बिंदुमाधवरावांनी मग फोनच्या सेटिंगमध्ये एकामागून एक पडदे उघडत जाऊन 'या ॲपला झोपवू नका' असं बटण शोधून काढलं आणि दाबलं. दोन दिवसांनी फोनने स्वतःहून एक छोटी दुरुस्ती उतरवून घेतली आणि ते बटण पूर्ववत केलं. तुमच्या सोयीसाठी, असं खाली लिहिलं होतं. त्यांनी पुन्हा चामराजपेटेला जाऊन ते दाबलं. फोनने पुन्हा सोय केली.

ते हटले नाहीत. नव्या सिस्टीमला रुचेल असं अख्खं ॲप त्यांनी मुळापासून लिहायला घेतलं. घंटा तर होतीच. शिवाय, नुसती घंटा पाहून सिस्टीमला संशय येतो असं कळल्यामुळे, पहिल्या पानावर रोजचं पंचांगही घातलं : तिथी, नक्षत्र, सूर्योदय, राहुकाळ. जेवण बाजूला सारून, चहा गार करून त्यांनी ते पुरं केलं, आणि मंगळवारी अक्कांच्या फोनवर चढवून फोन त्यांच्या हातात दिला. अक्कांनी नाइलाजाने चष्मा लावला. मग चष्मा नीट बसवला. मग त्यांच्या चेहऱ्यावर कधी नव्हे असा उजेड पडला.

"बिंदू, मंगळवारचा राहुकाळ सकाळी? हा कुठल्या गावचा?"

वार एका घराने सरकले होते. सोमवारचा राहुकाळ मंगळवारी, मंगळवारचा बुधवारी. बिंदुमाधवरावांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. कारखान्यात असा टेलिफोन त्यांनी दारातूनच परत पाठवला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवनहळ्ळीत फोन वाजला. "आज बुधवार. आज पण चूक."

"सुधारतो अक्का."

तिसऱ्या दिवशी : "अजून चूकच. तुझी ती तपासणी की काय, ती खात्यात दुसरं कुणी करायचं का रे?"

त्या संध्याकाळी त्यांनी वार जागच्या जागी बसवले. चौथ्या सकाळी अक्कांचा फोन आला. "आज बरोबर आहे," त्या म्हणाल्या. कुणी गेल्याची बातमी द्यावी तसा आवाज होता. त्यानंतर फोन आला नाही.

रविवारी मनस्विनी आत्याकडे जेवायला गेली होती. तिथून तिने बापाला फोन लावला.

"अण्णा, एक विचारू? प्रत्येक ॲपचा एक वर्ग असतो, आतल्या आत. सक्रिय, अधूनमधून, क्वचित, असे. तुमचं ॲप या आठवड्यात आत्याच्या फोनवर चक्क सक्रिय वर्गात होतं! बँकेच्या वर. आता घसरायला लागलंय. मंगळवारपासूनच्या तीन दिवसांत तुम्ही केलंत काय?"

"चुकलो होतो," बिंदुमाधवराव म्हणाले.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"मग परत चुका ना," मनस्विनी म्हणाली.

हे ऐकायला जितकं सहज होतं तितकं करायला नव्हतं. अजाणता चुकणं कुणालाही जमतं. रोज, ठरवून, वेळेवर चुकायचं तर माणूस नीट पाहिजे. बिंदुमाधवरावांनी आधी स्वतःला मर्यादा घालून घेतल्या. चूक फक्त अक्कांच्या फोनवर. इतर घरांत बरोबर तेच जाईल. तिथीला हात लावायचा नाही, घंटेच्या वेळेला तर नाहीच. आणि चूक सापडेल इतकी मोठी हवी, पण मुद्दाम केली असं वाटणार नाही इतकी लहान. पहिल्या दिवशी त्यांनी चंद्र एक रास पुढे ढकलला. अक्कांनी तो देवपूजेच्या आधी पकडला. दुसऱ्या दिवशी ऋतू बदलला.

"बाहेर बघ जरा, कुठला ऋतू आहे ते!" अक्का फोनवर कडाडल्या. "की देवनहळ्ळीला वेगळा असतो? विमानतळवाल्यांचा?"

"नजरचूक झाली अक्का."

"नजर नाही रे, स्वल्प डोकं चालव."

तिसऱ्या दिवशीचा पंचांगातल्या करणाचा बदल इतका बारीक होता की अक्कांना दुपार झाली, आणि सापडल्यावर त्यांनी शेजारणीलाही बोलावून दाखवला. त्यांची भूक सुधारली. शेजारीण सांगू लागली, अज्जी हल्ली सकाळी गुणगुणतात. इकडे बिंदुमाधवराव रात्रीच्या जेवणानंतर कपाळाला आठ्या घालून उद्याची चूक जुळवत बसत, आणि ती पुन्हा पुन्हा तपासत. चुकीत चूक राहून चुकून बरोबर होऊ नये म्हणून.

"इतकं मन लावून तुम्ही बरोबर कामसुद्धा केलं नव्हतं," अलकाबाई म्हणाल्या.

"बरोबर कामाला इतकं लागत नाही."

मनस्विनी अधूनमधून कळवत होती : सक्रिय, अजून सक्रिय, घट्ट सक्रिय. अशी एकादशी उजाडली. त्या दिवशी बिंदुमाधवरावांनी चूक घातली नाही. एकादशीला खोटं बोलायचं नाही, हे लहानपणापासून अंगवळणी पडलं होतं. भुकेपोटी द्वादशी अलीकडे आणणं, ती गोष्ट वेगळी. अक्कांनी सकाळी ॲप उघडलं, वरपासून खालपर्यंत वाचलं, आणि फोन करून संशयाने विचारलं, "तब्येत बरी आहे ना तुझी?"

उद्याची द्वादशी आखूड होती. सूर्य उगवल्यावर थोडाच वेळ ती राहणार होती. पण घंटा लागलेली होती, फोन जागा होता. बिंदुमाधवराव फळांवर उपास करत दिवसभर बऱ्यापैकी निवांत होते. दिवेलागणीला अक्कांचा पुन्हा फोन आला. आवाज बसला होता.

"अरे, तो फोन केव्हापासून विचारत होता, नवी आवृत्ती आलीय, घ्यायची का, घ्यायची का. उपासाचं डोकं दुखतं, त्यात त्याची पिरपिर. म्हटलं, सरी, बरं, घे बाबा एकदाची. बंद पडून परत चालू झाला. आता सगळं गोल गोल दिसतंय. छान आहे."

बिंदुमाधवरावांच्या हातातलं केळं हातातच राहिलं. त्यांनी मनस्विनीला गाठलं.

"आजच?" ती किंचाळली. "अण्णा, ही पूर्ण नवी आवृत्ती आहे. त्यात जुन्या सगळ्या घंटा पुसल्या जातात. ॲप एकदा उघडलं की परत लागतात. पण आधी उघडायला हवं."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर सकाळी काही वाजणार नाही."

चामराजपेटेला निघावं, तर जाऊन करणार काय? अक्का उपासाच्या दिवशी दिवे लागल्यावर कुणाला फोनला हात लावू देत नसत, आणि ओसरीवरची घंटा त्यांनी आधीच बाद केली होती. बिंदुमाधवरावांनी अक्कांना फोन लावला.

"अक्का, एकदा पंचांग उघड."

"सकाळी बघितलं. बरोबर होतं. बरोबर असलेलं किती वेळा बघायचं? तोंड सुकलंय माझं. ठेव."

"अक्का, ऐक—"

"घंटेसाठी सांगत असशील तर ते मी ऐकणार नाही, आधीच सांगितलंय."

बिंदुमाधवरावांनी देवघराकडे पाठ केली. समोरच्या भिंतीवर काही नव्हतं, तिकडे बघत ते म्हणाले, "घंटेचं नाही गं. उद्याचा सूर्योदय मी बहुतेक चुकीचा टाकलाय."

पलीकडे चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला.

"कुठे?" अक्का म्हणाल्या. आवाजात ओल आली होती.

"उद्याच्या पानावर. बघ नीट."

"बघते. तू ठेव फोन. मध्ये मध्ये बोलू नकोस."

पहाटे देवनहळ्ळीवरून पहिली विमानं गेली तेव्हा ते जागेच होते. अलकाबाईंनी तीर्थ आणि तुळस पुढ्यात आणून ठेवली होती, आत भाजीला फोडणी पडली होती. चिंच नाही, मोहरी नाही, द्वादशीचा स्वयंपाक. ठरल्या वेळी बिंदुमाधवरावांच्या फोनवर घंटा वाजली. ती वाजणारच होती. आपल्या फोनवरचं ॲप ते रोज उघडत होते. त्यांनी तीर्थाला हात लावला नाही.

"वेळ झाली," अलकाबाई म्हणाल्या.

"थांब जरा."

"द्वादशी आसपास नसते, असं तुम्हीच लिहून दिलं होतंत ना कंपनीला?"

खिडकीत उजेड वाढत होता. अक्कांना फोन करण्यात अर्थ नव्हता; त्यांनी 'झाली का घंटा' विचारलं असतं, तर अक्का 'नाही' म्हणाल्या असत्या आणि तशाच बसल्या असत्या. करायचं होतं तेवढं करून झालं होतं, एक खोटं धरून.

मग टेबलावरचा फोन थरथरला.

"घंटा झाली," अक्का म्हणाल्या. तोंडात घास होता. "तीर्थ घेतलं. भात घेतलाय. भाजी बरी झालीय."

"छान झालं अक्का."

"छान काय छान! काल डोळे फुटेपर्यंत शोधत होते. सूर्योदय बरोबर होता, बिंदू. पळासकट बरोबर. तुला स्वतःची चूकसुद्धा धड सांगता येत नाही?"

"नाही येत, अक्का."

"उद्या नीट लक्ष दे."

"सरी," बिंदुमाधवराव म्हणाले. त्यांनी तीर्थ घेतलं, तुळशीचं पान तोंडात टाकलं, आणि ताट वाढून होईपर्यंत उद्याच्या चुकीला बसले.